मंगळवार पेठेतला बिनपाटीचा कमांड लाइनचा क्लास (आणि खालची गिरण)

आधीच सांगतो, क्लासचं नाव विचारू नका, त्याला नावच नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एक पिठाची गिरण आहे, तिच्या शेजारून लोखंडी जिना वर जातो, वर एक खोली, खोलीत ६ जुने कॉम्प्युटर, एक पांढरा बोर्ड आणि मॅडम. पाटी नाही, जाहिरात नाही, मला पण आमच्या फौंड्रीतल्या एका पोराच्या मावशीकडून कळलं. मॅडम एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून रिटायर झालेल्या, आता दर रविवारी १० ते १२ हा एकच विषय घेतात, काळ्या खिडकीत टाईप करून कॉम्प्युटर चालवायचा, म्हणजे कमांड लाइन. ८ रविवार, २,५०० रुपये. मागच्या महिन्यात माझा संपला, तिघाचौघांनी फोन करून विचारलं कसा आहे म्हणून, प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी गेलो कशाला ते पण सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल ह्या वयात काय खूळ. वय ४३, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं प्रत्येक हीटचं (भट्टीतून एका वेळी निघालेल्या वितळलेल्या लोखंडाचं) एक सॅम्पल ओततात, जाड नाण्यासारखं, ते घासून स्पेक्ट्रो मशीनवर ठेवून स्पार्क मारला की कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, मॅग्नेशियम सगळ्याचे आकडे येतात आणि मशीन त्याची एक छोटी फाइल करून ठेवतं. एका हीटची एक फाइल. आता दिवसाच्या हीट किती आणि वर्षाच्या किती, हिशोब तुम्हीच करा. तर एका गिऱ्हाइकानं मागणी केली की दोन वर्षांतल्या ज्या ज्या एसजी (मॅग्नेशियम घालून चिवट केलेलं बीड) हीटमध्ये मॅग्नेशियम ०.०३५ टक्क्यांच्या खाली गेलंय त्याची यादी द्या. त्याचं पण चूक नव्हतं, एसजीमध्ये मॅग्नेशियम कमी पडलं की ग्राफाइटचे गोळे नीट होत नाहीत आणि कास्टिंग पाहिजे तसं चिवट राहत नाही. मी आणि एक हेल्पर, आम्ही दोघं ३ दिवस एकेक फाइल डबल क्लिक करून उघडतोय, बघतोय, बंद करतोय, वहीत लिहितोय. चौथ्या दिवशी मशीनचं सर्व्हिसिंग करायला एक पोरगा आला, त्यानं आमचं चाललंय ते बघितलं, लॅपटॉप काढला, एक ओळ टाईप केली आणि यादी हातात दिली. आमच्या वहीतल्या ७ हीट त्या यादीत नव्हत्या आणि यादीतल्या ४ आमच्या वहीत नव्हत्या. ती वही मी अजून ठेवलीय ड्रॉवरमध्ये.

तर पहिल्या रविवारी गेलो आणि बघतो तर सगळे माऊस गायब. एका कॅरीबॅगमध्ये गुंडाळून खिळ्याला टांगलेले. बीसीए करणारं एक पोरगं होतं आमच्यात, ते म्हणालं मॅडम माऊस, तर मॅडम म्हणाल्या, "मी देतो की, आठव्या रविवारी." (मॅडम पक्क्या कोल्हापूरच्या, मी येतो मी जातो असंच बोलतात, बाहेरगावच्या माणसाला जरा सवय करून घ्यावी लागते.) आणि नावानं कुणालाच हाक मारत नाहीत, धंद्यावरून मारतात. मी फौंड्री. लग्नाचे फोटो काढणारा एकजण होता तो फोटो. रिटायर झालेले एक काका ते बँक, गावच्या विकास सोसायटीत काम करणाऱ्या ताई त्या सोसायटी, आणि ते पोरगं नुसतं बीसीए. पाच विद्यार्थी, सहावं मशीन मॅडमचं.

मशीनवर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम. पहिली कमांड पीडब्ल्यूडी. सोसायटीताई म्हणाल्या, काय ओ, रस्त्याचं काम काढलं काय. तर ते बांधकाम खातं नव्हे, आपण आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते सांगणारी कमांड आहे. (कमांड मी इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप करताना इंग्रजीत छोट्या अक्षरात करायच्या, आणि छोटं म्हणजे छोटंच, लिनक्सला मोठा ए आणि छोटा ए वेगळा.) मग एलएस म्हणजे इथं काय काय आहे, सीडी म्हणजे दुसरीकडं जा, सीडी आणि दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. ह्यात पाथची भानगड मला आधी कधीच कळली नव्हती, पूर्ण पाथ आणि अर्धा पाथ. मॅडमनी पत्त्यावर समजावलं. पूर्ण पाथ म्हणजे जिल्हा कोल्हापूर, तालुका करवीर, गाव अमुक, गल्ली तमुक, कुठूनही पत्र टाका, पोचतंय. अर्धा पाथ म्हणजे "तालमीच्या मागं तिसरं घर", बरोबर आहे, पण तुम्ही त्या गल्लीत उभे असाल तरच. माझं अर्धं आयुष्य "फाइल सापडली नाही" हा एरर बघण्यात गेलं असतं ते तिथं वाचलं.

आणि एक गोष्ट, ह्याची सवय व्हायला मला दोन रविवार लागले. कमांड बरोबर चालली तर काहीच बोलत नाही. कॉपी केली, हलवली, फोल्डर बनवलं, गप्प. पुढची ओळ येऊन नुसतं लुकलुकत बसतं. मी प्रत्येक वेळी मॅडमना विचारायचो झालं का, झालं का. आमचे वडील असेच होते, नीट केलं तर एक शब्द नाही, चुकलं की मग ऐका. हे असं का तर म्हणे लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ते युनिक्स बनवलं १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी, तेव्हा आपल्यासारखी स्क्रीन नव्हती, टेलिटाईप नावाचं टाईपरायटरसारखं मशीन, कॉम्प्युटर जे बोलेल ते खडखड करत कागदावर छापायचं, आणि स्पीड किती तर मॉडेल ३३ चा सेकंदाला १० अक्षरं. मग कशाला कोण "आपली फाइल यशस्वीरीत्या कॉपी झालेली आहे" छापत बसतोय. कमांडची नावं दोन दोन अक्षरी त्याचंच कारण. मूव्ह लिहायचं तर एमव्ही, कॉपी लिहायचं तर सीपी.

त्याच टेलिटाईपच्या जमान्यातली एक खोड अजून आहे आणि ती बँककाकांना नडली. काकांना दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस दाबून सेव्ह करायची ३० वर्षांची सवय. इथं कंट्रोल एस दाबलं की स्क्रीन गोठते. काका टाईप करतायत, काही उमटत नाही, परत दाबतायत, मशीन बिघडलं म्हणून मॅडमना हाक. मॅडम लांबूनच, "काय दाबलं मला माहित्ये, कंट्रोल क्यू दाबा." आणि इतका वेळ दाबलेलं सगळं भसाभसा बाहेर. कंट्रोल एस म्हणजे थांब आणि कंट्रोल क्यू म्हणजे चालू कर. कंट्रोल सी नं कॉपी होत नाही, चालू असलेलं काम बंद पडतं, हे माझ्या बाबतीत झालं, ते सांगत नाही.

आता क्लासमधला सगळ्यात भारी रविवार, तिसरा. पाईप. उभी रेघ असते ना कीबोर्डवर, बॅकस्लॅशच्या वर, जी आपण जन्मात वापरत नाही, ती. तिच्या डाव्या बाजूच्या कमांडनं जे बाहेर टाकलं ते उजव्या बाजूची कमांड आत घेते. मॅडमनी गुऱ्हाळ काढलं बोर्डवर. चरकात ऊस गेला की रस, रस काहिलीत, उकळताना मळी काढायची, गुळव्या बघतोय कधी झालाय ते, मग वाफ्यात ओतायचा, मग ढेप. चरकवाल्याला ढेपेशी काही देणंघेणं नाही, त्यानं फक्त ऊस घ्यायचा आणि रस सोडायचा. तसं ग्रेपचं काम एवढंच की ज्या ओळीत पाहिजे तो शब्द आहे ती ओळ पुढं सोडायची, सॉर्टचं काम ओळी क्रमानं लावायच्या, युनिकचं काम डबल ओळी काढायच्या, डब्ल्यूसीचं काम मोजायचं. एकेक कमांड बघितली तर काहीच नाही, पोरखेळ वाटतो, पण लायनीत उभ्या केल्या की काम होतं. पाईपची कल्पना डग मॅकिलरॉय म्हणून होते त्यांची, १९६४ सालीच त्यांनी लिहून ठेवलेलं की बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे प्रोग्रॅम एकाला एक जोडता आले पाहिजेत, आणि १९७३ ला थॉम्पसननं ते युनिक्समध्ये बसवलं. त्यांनी गुऱ्हाळ बघितलं असतं तर नळी म्हटले नसते.

क्लासचा एक नियम आहे, आणि माझ्या मते अडीच हजार त्याचेच आहेत. मॅडम स्वतःची उदाहरणं देत नाहीत. प्रत्येकानं आपल्या कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर आणायच्या (कॉपी, ओरिजिनल नाही) आणि जे शिकवलं ते त्याच्यावर करायचं. सोसायटीताईंनी सभासदांची यादी आणलेली, नाव, खातं, गाव. कुठल्या गावचे किती सभासद ते काढायचं होतं. त्यांनी गावाचा कॉलम कट केला, युनिकला दिला, मोजायचा ऑप्शन लावला आणि उत्तर काय आलं तर एकच गाव अकरा वेळा, कधी ३, कधी १, कधी ५. ताई वैतागल्या, हे मशीन येडं हाय काय. मॅडम काही बोलल्या नाहीत, बाकीच्यांना म्हणाल्या बघा जरा. बीसीएनं पकडलं. युनिक फक्त एकमेकांना चिकटून असलेल्या डबल ओळी बघतं, मागं कुठं तेच नाव येऊन गेलंय हे त्याच्या लक्षात राहत नाही, म्हणून आधी सॉर्ट, मग युनिक. हे मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. ताईंच्या त्या अकरा वेळा आलेल्या गावामुळं आता जन्मभर लक्षात राहणार.

माझं मॅग्नेशियम. ग्रेपनं मी आठवडाभर मारामारी केली. ग्रेप अक्षरं शोधतं, त्याला ०.०३४ हा ०.०३५ पेक्षा कमी आहे हे कळत नाही, त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. आकड्यांची तुलना करायची तर ऑक. हे १९७७ चं, बनवणाऱ्या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं, आहो, वाइनबर्गर, कर्निगन. ऑक ओळीचे तुकडे करतं, पहिला तुकडा डॉलर एक, दुसरा डॉलर दोन, असं, आणि मग म्हणायचं की आठवा तुकडा ०.०३५ पेक्षा कमी असेल तर ओळ छाप. बस्स. चौथ्या रविवारी ११ वाजून काहीतरी मिनिटांनी माझी यादी स्क्रीनवर आली, त्या सर्व्हिसिंगवाल्या पोराच्या यादीशी ताडून बघितली, एकूण एक हीट जुळली. खाली उतरून खासबागेच्या बाजूला एकट्यानं मिसळ खाल्ली त्या दिवशी, कट एक्स्ट्रा.

पाचवा रविवार आरएमचा, म्हणजे डिलीट. मॅडम म्हणाल्या आज सगळ्यांनी वाट लावायची. सगळ्यांच्या फोल्डरची अजून एक कॉपी काढली आणि मुद्दाम चुका करायला लावल्या. समजा सगळ्या टीएक्सटी फाइली उडवायच्या, तर आरएम, जागा, चांदणी टिंब टीएक्सटी. आता चांदणी आणि टिंबाच्या मध्ये चुकून एक जागा पडली तर? चांदणी म्हणजे सगळं, म्हणून फोल्डरमधल्या सगळ्या फाइली गेल्या, आणि वर तक्रार काय तर "टिंब टीएक्सटी नावाची फाइल सापडली नाही". घर लुटून नेलं आणि जाताना म्हणतो तुमची खिडकीची कडी ढिली आहे. रिसायकल बिन नाही, अनडू नाही. मॅडमची पद्धत अशी की आरएम लिहायच्या आधी तीच ओळ एलएस लावून चालवायची, काय काय जाणार ते डोळ्यांनी बघायचं, मग वरचा बाण दाबून एलएसच्या जागी आरएम करायचं, आणि एंटर दाबायच्या आधी हात कीबोर्डवरून उचलायचा. खरोखर उचलायचा, त्या बघतात.

फोटोचं त्याच दिवशी झालं. त्याच्याकडं दोन कॅमेरे, दोन्हीत फोटोंची नावं डीएससी ०००१ पासून सुरू. त्यानं एका फोल्डरमध्ये पहिल्या कॅमेऱ्याचे २० हलवले, मग दुसऱ्याचे २० हलवले. किती झाले? २०. एमव्ही काही न विचारता आधीच्यावर नवीन टाकून मोकळं. तो गार पडला, कॉपी होती म्हणून वाचला. म्हणाला मॅडम हे लग्नाचे असते तर नवरदेवाकडच्यांनी मला उभा जाळला असता. मग एमव्हीला डॅश एन लावला की वरून टाकत नाही आणि डॅश आय लावला की विचारतं, हे शिकवलं. मला वाटतं मॅडमना माहीत होतं त्याचं असं होणार, त्या गप्प बसून बघत होत्या.

एवढं सगळं शिकून मी ऑफिसात काय केलं ऐका. आमची पॅटर्नची (ज्याच्यावरून वाळूचा साचा बनतो तो नमुना) यादी, कुठला पॅटर्न कुठल्या रॅकला, ६०० च्या वर ओळी, मी आणि स्टोअरवाल्यानं मिळून दोन महिने बनवलेली. ती क्रमानं लावायची होती. सॉर्ट, फाइलचं नाव, मग बाणाचं चिन्ह, आणि परत त्याच फाइलचं नाव. म्हणजे सॉर्ट करून त्याच फाइलमध्ये ठेव. सरळ वाटतंय की नाही? एंटर मारलं, गप्प. म्हटलं गप्प म्हणजे झालं. उघडून बघतो तर फाइल रिकामी. शून्य. कारण शेल (आपण टाईप केलेली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आधी बाणाच्या पुढची फाइल उघडून कोरी करतो आणि मग सॉर्टला बोलवतो, सॉर्ट येईपर्यंत वाचायला काही शिल्लकच नाही. हेल्परनं आदल्या शनिवारी पेनड्राइव्हवर घेतलेली कॉपी होती म्हणून निभावलं, तीन दिवसांच्या एंट्र्या परत कराव्या लागल्या. रविवारी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "मी सांगत होतो तेव्हा तुम्ही खिडकीतून खाली बघालता, फौंड्री." खाली गिरणीपाशी भांडण चाललेलं, बघत होतो खरं. ह्यासाठी सॉर्टला डॅश ओ आहे, तो लावून तीच फाइल दिली तर चालतं. आणि एक बाण म्हणजे पुसून लिही, दोन बाण म्हणजे खाली जोड, हे मी मॉनिटरला चिकटवून ठेवलंय.

घरी लॅपटॉपवर विंडोज, त्यात सुद्धा हे करता येतं, डब्ल्यूएसएल म्हणून आहे, विंडोजच्या आतच लिनक्स चालतं. ॲडमिनिस्ट्रेटरवाल्या पॉवरशेलमध्ये (विंडोजची स्वतःची कमांड टाईप करायची खिडकी) एक ओळ टाईप करायची, रीस्टार्ट, की उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, हजर. फुकट. सी ड्राइव्ह आत एमएनटी नावाच्या फोल्डरमध्ये सी म्हणून दिसतो. एकच सांगून ठेवतो, पासवर्ड टाईप करताना काही म्हणजे काही दिसत नाही, टिंबं पण नाहीत. माझी मुलगी म्हणाली पप्पा कीबोर्ड खराब झालाय, आम्ही दोघांनी बॅटरी काढून वगैरे बघितली. ते तसंच असतं, आंधळेपणानं टाईप करून एंटर मारायचं.

आणि विंडोजच्या फाइली लिनक्सवर नेल्या की एक न दिसणारं भूत येतं, ह्यानं माझी अख्खी एक संध्याकाळ खाल्ली. ज्या ओळीच्या शेवटी ओके आहे त्या शोधायच्या होत्या, ओके आणि पुढं डॉलर, डॉलर म्हणजे ओळीचा शेवट. एक पण सापडेना. डोळ्यांना शेकड्यानं ओके दिसतायत. मॅडमनी कॅट (फाइल स्क्रीनवर दाखवणारी कमांड) डॅश मोठा ए करायला लावलं, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टोपी आणि एम. विंडोज ओळ संपवताना दोन अक्षरं टाकतं, लिनक्स एकच, त्यामुळं ओकेच्या पुढं एक जास्तीचं अक्षर लपून बसलेलं. हे पण टाईपरायटरचंच, गाडा मागं सरकवायचा एक आणि कागद वर ढकलायचा एक. डॉस टू युनिक्स नावाची छोटी कमांड आहे, ती मारली की भूत उतरलं.

मराठीचं पण सांगतो. बँककाकांनी अभंगांच्या फाइली आणलेल्या, देवनागरीत. मॅडमनी त्यांना कोल्हापूर हा शब्द डब्ल्यूसीला मोजायला लावला. आपण म्हणणार अक्षरं चार, को, ल्हा, पू, र. डब्ल्यूसी डॅश एम म्हणतं ९, कारण काना, मात्रा, पाय मोडलेला ल सगळं वेगळं मोजतं. डॅश सी लावला तर २७, कारण यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटर अक्षरं साठवतो ती पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं. (इको, म्हणजे दिलेला मजकूर छापणारी कमांड, डॅश एन लावून बघा, नाहीतर ओळ संपल्याचा एक जास्त येतो, काका त्यावरच अर्धा तास अडकले होते.) शोधणं, मोजणं मराठीत व्यवस्थित चालतं, पण त्या मशीनच्या टर्मिनलमध्ये दिसायला मात्र वाईट, वेलांट्या इकडं तिकडं उडालेल्या, जोडाक्षरं फुटलेली. काकांनी एडिटरमध्ये उघडून वाचायची सवय लावून घेतली शेवटी.

आता जे नाही आवडलं ते. गिरण. रविवारी सकाळी अख्ख्या पेठेचं दळण त्या दोन तासात येतं असा माझा संशय आहे. मॅडमचा आवाज बारीक, खाली घर्रर्र, आणि कमांड लाइनमध्ये एक अक्षर चुकलं की संपलं, त्यामुळं निम्मा वेळ "काय? डॅश एम का डॅश एन?" ह्यात. सहाव्या रविवारी मी कीबोर्ड उलटा केला तर पीठ पडलं. ज्वारीचं असावं.

नोट्स नाहीत. बोर्डवर लिहितात आणि तुम्ही उतरवेपर्यंत पुसतात. मागितल्या तर म्हणतात हिस्ट्री टाईप करा, तीच तुमची वही. हिस्ट्री भारी आहे मान्य, केलेल्या सगळ्या कमांड नंबरनिशी दिसतात आणि कंट्रोल आर दाबून जुनी शोधता येते, पण त्यात माझ्या चुका पण तितक्याच आहेत, बरोबर कुठली होती हे घरी येऊन कसं कळणार. मॅन लावून कुठल्याही कमांडची माहिती मिळते, ती सगळी जड इंग्रजीत, आमच्यासारख्याला एक पान वाचायला चहा लागतो. दोन पानं मराठीत झेरॉक्स करून दिली असती तर काय बिघडलं असतं.

इतिहास जास्त होतो. ग्रेप हे नाव ईडी नावाच्या जुन्या एडिटरमधल्या जी, आरई, पी ह्या कमांडवरून आलं हे ऐकायला मजा येते, पण त्याच रविवारी रेग्युलर एक्सप्रेशन (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची पद्धत) २५ मिनिटांत उरकले. ते खरं अवघड, त्याला दोन रविवार पाहिजे होते. फाइलच्या परमिशनचं पण तसंच, वाच म्हणजे ४, लिही म्हणजे २, चालव म्हणजे १, बेरीज ७, चला पुढं. ७५५ का टाकतात हे मला बीसीएनं जिन्यात समजावलं. उलट व्हीआय एडिटरमध्ये आत जाऊन बाहेर पडायला एक अख्खा तास. एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, झालं की, मी तर रोज नॅनो हा सोपा एडिटरच वापरतो.

सर्टिफिकेट मिळत नाही. बीसीए त्याच्यावरून जरा नाराज होता, त्याला नोकरीच्या अर्जाला काहीतरी जोडायचं होतं. तसं पाहिजे असेल तर इथं जाऊ नका. ज्यांच्याकडं स्वतःच्या फाइलींचा ढीग आहे आणि त्या ढिगाचा वैताग आहे त्यांनी जावा. वैताग नसेल तर तिसऱ्या रविवारपासून झोप येईल, खोटं कशाला बोलू.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा गिरणीचा कापला, अर्धा नोट्सचा, अर्धा त्या रेग्युलर एक्सप्रेशनचा.

गाडी लावायला जागा नाही, तिकटीच्या (तीन रस्ते मिळतात तिथल्या) अलीकडं लावून चालत या. पेनड्राइव्ह आणा, त्याच्यावर कॉपीच असू दे. पाणी घेऊन या, पिठानं घसा धरतो. आणि लवकर जाऊन जागा पकडा, ४ नंबरच्या मशीनवर अजिबात बसू नका, त्याचं उभ्या रेघेचं बटण चालत नाही. मी पहिले तीन रविवार तिथंच बसलो होतो आणि पाईपच्या दिवशी सगळ्यांचं चालतंय, माझंच का नाही म्हणून बसलो डोकं धरून.